तिसात एक हिरवं

बांबूच्या नळीतून भाताचे दाणे सांडायला लागले, आणि वडाखाली जमलेली सहाशे माणसं एकदम चिखलात गुडघ्यांवर आली. कुणी रडत होतं, कुणी लुंगीचा सोगा पसरत होतं, आणि की सांग्गा ('की' म्हणजे तिकडचे बुवा) डोळे मिटून, मान मागे टाकून, आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करून उभा होता.

घटकाभरापूर्वी मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू होता.

"नीट बघा बरं का! मागाहून म्हणाल, सांग्गानं फसवलं! नळी कोरडी, नळी रिकामी. शंका असेल त्यानं पुढं यावं, बोट घालावं. या, पाक कुवू, तुम्ही गावचे मुखिया, तुमचंच बोट घाला!"

कुवू दुराकिमनं बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं आणि कोर्टात साक्ष द्यावी तसा म्हणाला, "रिकामी आहे."

मग पांढरं फडकं आलं, धूप आला. वडाला तीन फेऱ्या झाल्या. "म्बोक श्री, भाताची आई, ये गं बाई, लेकरं उपाशी आहेत!" फडकं निघालं आणि भात सांडलं. नळीच्या दुसऱ्या टोकातही बोट घालून बघावं असं सहाशेतल्या एकालाही सुचलं नाही. सुचलं असेल, तरी सगळा गाव रडत असताना आपण एकट्यानं बोट पुढं करायचं म्हणजे छाती लागते.

आणि लोकांना वेड्यात काढण्यात तरी काय अर्थ? जावाच्या त्या उत्तर किनाऱ्यावर, मुआरासारी गावात, कितीतरी वर्षं समुद्र खाचरांत शिरत होता. खारं पाणी आलं की भात पिवळं पडायचं, मग करपायचं, मग कुजायचं. मागच्या हंगामात सांग्गाचं बी पेरलेली तीनच खाचरं हिरवीगार उभी राहिली, आणि ती लोकांनी आपल्या डोळ्यांनी बघितली होती. म्हणजे भात खरं होतं. खोटी होती ती नळी, आणि नळीभोवतीची बडबड.

बडबडीत नियम होते. हे भात म्हणजे नवरी, त्यामुळे तिचा मेहेर, म्हणजे नवरीचं मोल, द्यायचा, तोही आधी. नवरीचं लग्न एकदाच लागतं, त्यामुळे आलेल्या पिकातलं बी पुन्हा पेरायचं नाही. पेरलं तर घराला शाप. पुढच्या हंगामाला पुन्हा सांग्गाकडे यायचं, पुन्हा मेहेर. आणि नवरीच्या अंगाला हात लावायचा नाही, खाचरातलं एकही रोप उपटायचं नाही. लोक माना डोलवत होते. देवीनं स्वतः येऊन एवढं दिलं, त्यात अटी कुठं बघत बसायचं!

तार्सिनी गर्दीच्या कडेला उभी होती. तिच्याकडे मेहेर नव्हता, आणि पेरायला स्वतःचं खाचरही उरलं नव्हतं. नवरा गेल्यापासून ती दुसऱ्यांकडे लावणीला जायची. नवऱ्याचं, कार्तमचं, हजाराव्या दिवसाचं जेवण सव्वा महिन्यावर आलं होतं. त्या दिवशी कबरीवर कायमचा दगड बसतो आणि मेलेला माणूस खऱ्या अर्थानं घर सोडतो, असं तिकडे मानतात. दगड कुठून आणायचा, याच विचारात ती घरी गेली.

पंचवीस दिवसांनी कुवूच्या खाचरात देवीच्या भाताची लावणी निघाली. बावीस बायका एका ओळीत, वाकून, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं तीन-तीन रोपं चिखलात खोचायची. हे काम डोळ्यांचं नसतं. बोटंच रोप ओळखतात आणि तोंड गप्पा मारायला मोकळं राहतं.

तार्सिनीच्या शेजारी दार्येम होती. टोपल्या विणणारी, तोंडाळ बाई, तार्सिनीला यायू म्हणजे थोरली बहीण म्हणायची.

"यायू, पाय उचल की गं! देवीचं भात आहे, अंगावर येईल तुझ्या."

तार्सिनी थांबली होती. अख्खी ओळ दोन पावलं मागे गेली तरी ती तिथंच वाकून उभी. तिच्या हातातल्या रोपांचे बुडखे जांभळे होते. वांग्याच्या देठाजवळ असतो तसा जांभळा रंग, मुळाच्या वर दोन बोटं. तिनं एकेक रोप बोटानं सरकवलं. जांभळं, जांभळं, जांभळं. मग एक हिरवं.

तिनं ते हिरवं रोप मुठीतून ओढून काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला, कारण असंच काढायला त्या हाताला एका माणसानं शिकवलं होतं.

"काय झालं?" दार्येमनं विचारलं.

"हे कांग कार्तमचं भात आहे," तार्सिनी म्हणाली आणि चिखलातच खाली बसली.

तिकडे बायको नवऱ्याला मानानं कांग म्हणते. कार्तम जाड भिंगाचा चष्मा लावणारा किडकिडीत माणूस होता. किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या लोकांकडे एक जुनं जांभळ्या बुडख्याचं भात होतं. खाऱ्या पाण्यात मरायचं नाही, पण उंच वाढून लोळायचं आणि पिकायला सहा महिने घ्यायचं. सरकारी भात बुटकं, लवकर येणारं, पण खाऱ्या पाण्याचा थेंब लागला की माना टाकायचं. कार्तमनं ठरवलं, दोघांचं लग्न लावायचं. सकाळी उन्हं यायच्या आत तो खाचरात बसायचा, नखं कापायच्या कात्रीनं भाताच्या फुलाचं टोक कापायचा, आतले नराचे तुरे चिमट्यानं काढायचा, वर कागदाची पिशवी घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भाताचे परागकण आणून त्यावर झटकायचा. हंगामामागून हंगाम, चांगली रोपं ठेवायची, वाईट उपटायची. असे नऊ हंगाम.

गावानं त्याचं नाव ठेवलं होतं भाताची सुईण. "काय सुईणबाई, पोरगं झालं का पोरगी?" कृषी खात्याचा एक साहेब आला होता, तो म्हणाला, "वाण शाळा शिकलेले लोक काढतात. तुम्ही पेरा, तेवढं पुरे." कार्तम घरोघर मूठ-मूठ बी घेऊन फिरायचा, "एका कोपऱ्यात तरी लावून बघा, चूक दिसली तर मला सांगा." एकानंही लावलं नाही. दोघांनी कोंबड्यांना घातलं.

आणि तार्सिनी? ती हसली नव्हती, पण एकदा चुलीपुढं म्हणाली होती, "फुलांची लग्नं लावत बसता, घरात दाणा आहे का बघितलंत?" नवव्या हंगामाच्या शेवटी तो खुशीत घरी आला, "झालंच आता. तिसात एक हिरवं निघतंय अजून. ते खारं पाणी आलं की मरतं. चार हंगाम सगळे मिळून उपटत राहिलो, की संपलं." मग त्याला ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि आठ दिवसांत तो गेला.

सातव्या दिवसाच्या जेवणाला कुठला कोण तो की सांग्गा आला. माळ्यावर टांगलेल्या भाताच्या दोन जुड्या त्यानं बघितल्या. पिकातल्या पहिल्या, सगळ्यांत चांगल्या लोंब्यांच्या त्या जुड्या म्हणजे भाताची नवरानवरी. नवं कापड गुंडाळून टांगायच्या आणि पुढच्या पेरणीपर्यंत हात लावायचा नाही, अशी रीत. "मेलेल्या माणसाची नवरानवरी घरात ठेवतेस?" तो म्हणाला. "जीव अडकून राहील त्याचा. आण, खाडीच्या तोंडाशी सोडून देतो." तार्सिनीनं स्वतःच्या हातांनी जुड्या उतरवून दिल्या. वर पायाही पडली. उरलेलं भात तिनं चाळिसाव्या दिवशी आणि शंभराव्या दिवशी रांधून गावाला वाढलं. गाव जेवून हात धुऊन गेला. कार्तमचा एक दाणा घरात राहिला नाही.

"मी दिलं गं त्याला," बांधावर बसून ती दार्येमला सांगत होती. "नऊ हंगाम माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि एका वाक्यात मी देऊन टाकलं."

दार्येमनं चिखलाच्या हातानंच नाक पुसलं. "रडायला हजार दिवस होते तुला. आता दुपारी तो येणारच आहे लावणीला आशीर्वाद द्यायला. शेजारच्या गावाचे लोकही येणार आहेत, नळी पुन्हा भरणार आहे. तू बोलणार का मी बोलू?"

"मी बोलते. पण आपलं कोण ऐकणार? भाताच्या सुईणीची बायको मी."

"मग ऐकवू नकोस. मोजायला लाव."

दुपारी की सांग्गा आला, खांद्यावर बीचं पोतं. मागे अख्खा गाव, शेजारचा अर्धा गाव. पुन्हा नळी, पुन्हा कुवूचं बोट, पुन्हा "रिकामी आहे". फडकं पडायच्या आत तार्सिनी पुढं झाली.

"की, एक विचारायचं होतं. देवीचं भात सगळं एकसारखं असतं ना?"

"एकाच आईची लेकरं, बाई! दाण्याला दाणा, रोपाला रोप. फरक शोधून दाखवा!"

"देवी चुकून दुसरं काही मिसळत नाही?"

सांग्गा हसला. "देवी चुकते का? काय विचारतेस बाई! माणूस चुकतो."

"तेच म्हणते मी." तार्सिनी कुवूकडे वळली. "पाक कुवू, तुमच्या वाफ्यातल्या मुठी अजून बांधलेल्याच आहेत, मी त्यांना हात लावलेला नाही. कुठलीही सोडा. एका मुठीत शंभरेक रोपं आहेत. जांभळ्या बुडख्यांत तीन-चार हिरव्या बुडख्याची निघतील. तिसात एक. नाही निघाली तर या खाचरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

गर्दीत खसखस पिकली. "सुईणबाईंची बायको डॉक्टरीण झाली!" पण कुवू शेतकरी होता. पैज लागली की शेतकऱ्याचे हात शिवशिवतात. त्यानं एक मूठ सोडली. बायकांनी दोन सोडल्या. बांधावर रोपं पसरली आणि मोजणी सुरू झाली. पहिल्या मुठीत तीन हिरवी. दुसरीत चार. तिसरीत पुन्हा तीन. हसणं हळूहळू बंद पडलं.

"अरे, त्या देवीच्या दासी!" सांग्गा ओरडला. "नवरीबरोबर पाठराखणी येतातच!"

"मघाशी दाण्याला दाणा म्हणालात," दार्येम मागून म्हणाली. "आता वऱ्हाडच निघालं की!"

यावेळी लोक सांग्गाला हसले. तार्सिनी हसली नाही. ती त्या हिरव्या रोपांकडे बघत होती. नवऱ्याची ती एवढीच सही शिल्लक होती, आणि तीसुद्धा त्याच्या अपुऱ्या राहिलेल्या कामाची.

"हे भात कांग कार्तमचं आहे," ती म्हणाली, आणि यावेळी तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "हिरवं का निघतं ते त्याला माहीत होतं. दोन जातींचं लग्न लावलं की नातवंडं-पतवंडं एकसारखी होईपर्यंत भेसळ उपटत राहावी लागते. त्याचे चार हंगाम राहिले होते. हा माणूस उपटू नका म्हणतो, म्हणून ती तशीच राहिली. खारं पाणी आलं की हिरवी सगळी मरतील. मागच्या हंगामात तीन खाचरांत मधे मधे टकलं पडली होती की नाही? तुम्हीच सांगा."

त्या तीन खाचरांचे मालक एकमेकांकडे बघायला लागले. टकलं पडली होती. सांग्गानं त्यांना सांगितलं होतं, ज्यांच्या मनात पाप असतं त्यांच्या खाचरात पडतात. म्हणून तिघांनीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दार्येमनं नळी उचलली. "आणि हिला काय म्हणायचं? हयात गेली माझी बांबू चिरण्यात. हातभर बांबूला मधे पेर असतंच, आणि पेर म्हणजे आत भिंत. वरचा कप्पा रिकामा, खालचा भरलेला. फडक्याखाली बूच काढून नळी उलटी केली की झालं. एवढ्यासाठी देवी कशाला यायला पाहिजे?" तिनं खालच्या टोकाला टिचकी मारली. भद्द आवाज आला. वरच्या टोकाला मारली, पोकळ आवाज आला. मग कंबरेचा कोयता काढून तिनं नळी उभी चिरली, आणि खालच्या टोकाचं मेणाचं बूच फुटून भात तिच्या पायावर सांडलं.

मुआरासारीतले पुरुष तापट. दोघा-तिघांनी बाह्या सरसावल्या. सांग्गा मागे सरला आणि पहिल्यांदाच त्याचा खरा आवाज निघाला. त्यात धूप नव्हता, देवी नव्हती.

"मारा! पण आधी ऐका. हो, त्याचंच भात. खाडीत सोडतो म्हणालो आणि लांब नेऊन पेरलं. तो होता तेव्हा उन्हाळ्यात त्याच्या खाचरासमोरून गेलो होतो मी, खाऱ्या पाण्यात हिरवं उभं होतं. तुम्ही सगळे रोज त्याच वाटेनं जात होता ना? तो फुकट देत होता, तुम्ही कोंबड्यांना घातलंत. मी देवीचं म्हणालो, तुम्ही गुडघ्यांवर आलात. फसवलं मी तुम्हाला, कबूल. पण शेजारच्या माणसाला अक्कल असू शकते, हे तुम्हाला पटत नव्हतं, त्याला मी काय करू?" मग तो तार्सिनीकडे वळला. "तू तरी कुठं विश्वास ठेवलास त्याच्यावर? मी एकदाच मागितलं, तू लगेच दिलंस."

कुणीही त्याच्यावर हात टाकला नाही. तो बीचं पोतं तिथंच टाकून बांधावरून चालत गेला, आणि दिसेनासा होईपर्यंत लोक त्याच्याकडे बघत राहिले. एकमेकांकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. लबाड उघडा पडला, लोक शहाणे झाले, टाळ्या. पण तसं झालं नाही. दोन दिवसांत अर्ध्या गावानं आपल्या वाफ्यातली रोपं बदकांना घातली. का, तर आता ते देवीचं उरलं नव्हतं. "नुसतं कार्तमचं होय! मग सरकारी काय वाईट आहे?" भात तेच, खारं पाणी तेच, बघितलेली तीन हिरवी खाचरं तीच. चमत्कार गेला आणि त्याच्याबरोबर डोळ्यांनी बघितलेलंही गेलं. तार्सिनी कुवूच्या खाचरातून रोज संध्याकाळी एकटी फिरून हिरवी रोपं उपटायची. कुवूनं तिला अडवलं नाही, आणि मदतीलाही माणूस दिला नाही. फक्त ते पोतं त्यानं निमूटपणे तिच्या दारात आणून टाकलं.

हजारावा दिवस आला. दगड बसला. साधाच दगड, नदीतला. चाळीस माणसं चटईवर जेवायला बसली. तार्सिनीनं बाजारातला तांदूळ रांधला होता. नवऱ्याचं भात तिनं यावेळी चुलीवर चढवलं नाही. जेवण झाल्यावर पाहुण्यांना घरी न्यायला शिदोरी द्यायची रीत असते. तिनं शिदोरीऐवजी प्रत्येकापुढे केळीच्या पानाची एक पुडी ठेवली. पुडीत दोन मुठी बी, वर दोन रोपं बांधलेली, एक जांभळ्या बुडख्याचं, एक हिरव्या.

"हे ठेवायचं, हे उपटायचं," ती म्हणाली. "पिकलं की त्यातलंच पुन्हा पेरायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, शाप लागत नाही. चूक दिसली तर मला सांगा, सगळे मिळून दुरुस्त करू. तोही असंच म्हणायचा. तेव्हा मीही ऐकलं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला बोल लावत नाही."

लोक खाली मान घालून उठले. कुणी पुडी कनवटीला लावली, कुणी हातात घेतली. सगळे गेल्यावर दार्येम आणि ती चटई झाडायला लागल्या. चटईवर सतरा पुड्या तशाच राहिल्या होत्या.

दार्येमच्या तोंडून शिवी निघणार होती. तार्सिनीनं तिला हातानं थांबवलं आणि पुड्या मोजल्या, एकदा, मग पुन्हा.

"तेवीस गेल्या," ती म्हणाली. "त्याच्या हातून नऊ हंगामांत एकही पेरायला गेली नव्हती गं." आणि मग हजार दिवसांत रडली नव्हती तेवढी ती रडली.

वाचणाऱ्यांनो, नळीची दोन्ही टोकं तपासा हे तर सांगायलाच हवं. कुणी रिकाम्या हातातून काही काढून दाखवलं तर दुसरा हात बघा, फडकं उचला, मोजा. पण ते सोपं आहे, ते दार्येमला एका टिचकीत जमलं. अवघड आहे ते दुसरंच. उद्या तुमच्या शेजारचा चष्मेवाला किडकिडीत माणूस मूठभर बी घेऊन दारात येईल आणि म्हणेल, एका कोपऱ्यात लावून बघा. तो फुकट देतोय, लुंगीला चिखल लागलाय, मागे धूप नाही. त्याला देवीची गरज पडू नये एवढं करा. आणि दारातून परत पाठवायच्या आधी ते बी लावून बघा, मोजून बघा.

सतरा पुड्या दुसऱ्या दिवशी सकाळी तार्सिनीनं टोपलीत घातल्या, आणि ती पहिल्या घराच्या पायरीशी जाऊन उभी राहिली.